पडद्याच्या अलीकडे

मॅडमना हॉस्पिटलात सगळे वचकून असत, आणि त्याचं कारण असं की त्या सहसा चुकत नसत. चुकणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. मॅडमशी भांडायला गेलेला माणूस त्यांच्याकडचा चहा पिऊन, मान डोलावत, त्यांचंच म्हणणं आपलं म्हणून सांगत बाहेर यायचा.

त्यांचं काम बायकांच्या कमरेखालच्या दुखण्यांचं. गर्भाची पिशवी खाली उतरलेली, खोकलं की कपडे ओले, बसलं की टोचतंय, उभं राहिलं की काहीतरी निसटतंय. ज्या गोष्टी बायका सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगत नाहीत, त्या. तरुणपणी त्यांनी हा विषय घेतला तेव्हा बरोबरीच्या हृदयवाल्या आणि मेंदूवाल्या सर्जनांनी त्यांच्या विभागाचं नाव ‘नळदुरुस्ती’ ठेवलं होतं. “काय म्हणतेय नळदुरुस्ती?” असं जिन्यात विचारायचे आणि स्वतःच हसायचे. मॅडमनी ते निमूट गिळलं. शोधनिबंध लिहिले, जुनी ऑपरेशनं पार टाक्यापासून सुधारली, पोरं घडवली, विभाग वाढवला. मग एक दिवस त्या हृदयवाल्याचीच बायको त्यांच्या दाराबाहेर बाकावर नंबर लावून बसली. मॅडमनी तिला नीट तपासलं, बरं केलं, नवऱ्याला एका शब्दाने काही ऐकवलं नाही. फक्त घरी जाऊन दोन वाट्या आइस्क्रीम खाल्लं.

आणि पडदा. पडद्याचं सांगायलाच हवं. शिकवायचं हॉस्पिटल ते, एका पेशंटभोवती दहा विद्यार्थी. टेबलावर पाय वर बांधून पडलेल्या बाईने त्या दहा तोंडांकडे बघत राहायचं, हे मॅडमना बघवेना. त्यांनी टेबलाला आडवा दांडा बसवून घेतला आणि पेशंटच्या पोटावरून हिरवा पडदा सोडला. पायांनाही हिरव्या पिशव्या. बाई पलीकडे, डॉक्टर अलीकडे, कोणाचं तोंड कोणाला दिसायला नको. बायकांना फार बरं वाटलं. दुसऱ्या हॉस्पिटलांतली माणसं तो पडदा बघायला यायची, आणि मॅडम तो सारून दाखवताना जरा जास्तच वेळ सारायच्या.

त्या गुरुवारी मॅडम परीक्षक म्हणून बाहेरगावी जायच्या होत्या. परीक्षा ऐनवेळी पुढे गेली. रिकामं बसायची सवय नाही, म्हणून त्या आपल्या तपासणीच्या खोलीत डोकावल्या. गुरुवारची तपासणी त्यांची असिस्टंट चालवायची. तिचे केस कानाच्या वर कापलेले, म्हणून विद्यार्थी तिला पाठीमागे बॉबकट म्हणत; तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. पडदा सोडलेला, विद्यार्थी कोंडाळं करून उभे. मॅडमना दारात बघून बॉबकटचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमना वाटलं, आपला दरारा.

“सरक जरा,” म्हणाल्या आणि हातमोजे चढवले.

पिशवी पूर्ण बाहेर आलेली होती. कपड्याला घासून घासून तिच्यावर एक जखम झाली होती, रुपयाएवढी. मॅडमनी बॅटरी जवळ धरली.

“बघा नीट. ही जखम काही महिन्यांची असेल, पण पिशवी? ही कित्येक वर्षं अशी आहे. म्हणजे कित्येक वर्षं या बाई खुर्चीच्या कडेवर टेकतायत, घटकाभर बसून उठतायत, कुठे जायचं म्हटलं की नको म्हणतायत. आणि घरात काय माणसं नसतात? असतात. लेकी असतात, चांगल्या शिकलेल्या असतात. डोळ्यांवर कातडं ओढून बसलेल्या असतात. तेव्हा इतके दिवस काय करत होता, असं पेशंटला कधी विचारायचं नाही. घरच्यांना बोलवायचं आणि त्यांना विचारायचं.”

हे त्यांचं ठेवणीतलं भाषण होतं, दरवर्षीच्या नव्या विद्यार्थ्यांना एकदा मिळायचं. विद्यार्थ्यांनी माना हलवल्या. बॉबकट जमिनीकडे बघत होती.

“आता एकदा खोका हं मावशी.”

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. दोनदा, कोरडा. आणि मग बारीक आवाजात, “बास?”

मॅडमचा हात होता तिथे थांबला.

पडदा वर करायला काय लागतं, दोन बोटं. त्यांनी केला नाही. का केला नाही हे पुढे कितीही डोकं खाजवलं तरी त्यांना सांगता आलं नाही. त्या सिंककडे गेल्या, मोजे काढले, हात धुतले, परत साबण घेतला, परत धुतले. वळून बघतात तो टेबल रिकामं, पेशंट कपडे बदलायच्या खोलीत, आणि बॉबकट पुढच्या बाईला हाक मारतेय.

आता बघा, ‘बास?’ हा काही कोणाच्या मालकीचा शब्द नाही. मॅडमनी स्वतःला हेच समजावलं. आई राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आई एकटी कुठे जात नाही, बसमध्ये चढत नाही, जिना उतरायचा तर कपाळाला आठ्या घालते. ती इतक्या लांब, एकटी, आणि आपल्याच हॉस्पिटलात येईल कशाला? आपल्याला एक फोन केला असता तर गाडी गेली असती न्यायला. पण मग दुसरा विचार यायचा: मंगळवारी आपणच आईला फोनवर सांगितलं होतं, गुरुवारी मी नाहीये म्हणून. आणि खोकून झाल्यावर डॉक्टरला ‘बास?’ विचारणारी, जणू खोकून त्याच्यावर उपकार केलेत, अशी बाई त्यांना जन्मात एकच माहीत होती. आहे, नाही. आहे, नाही. मॅडमना अशी सवय नव्हती हो. त्यांचं सगळं आयुष्य बघून, मोजून, हात लावून ठरवण्यात गेलं होतं, आणि आता हातच लावून झाला होता तरी कळत नव्हतं.

नवरा भूमितीचा मास्तर. त्याला रात्रीच्या जेवणात सांगितलं.

“विचार ना सरळ,” तो म्हणाला.

“आणि नसली तर?”

“तर म्हणेल, तुझं डोकं फिरलंय.”

“आणि असली तर?”

मास्तरांनी आणखी थोडा भात वाढून घेतला. त्या बाबतीत मास्तर शहाणे.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी बॉबकटला आपल्या खोलीत बोलावलं. उगीच एक-दोन इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाल्या, “ती जखमवाली पेशंट. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा होता. आली होती?”

“नाही आल्या.”

“फोन कर.”

“केला, मॅडम. विचार करून सांगते म्हणाल्या.”

“असं कसं? जखम आहे ती. साधी असेल तर ठीक, नसली तर?” मॅडम थांबल्या. “कोण होत्या गं त्या?”

बॉबकटने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, तुम्हीच शिकवलंत.”

शिकवलं होतं खरं. पेशंट सांगू नका म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी सांगायचं नाही. पेशंटचे कागद पलीकडच्याच कपाटात होते, किल्ली मॅडमच्याच पर्समध्ये होती. त्या कपाटापर्यंत गेल्या, आणि बॉबकटच्या देखत परत येऊन खुर्चीत बसल्या. दुसरं कोणी असं कपाटापर्यंत गेलं असतं, तर त्यांनी त्याला घरी बसवलं असतं.

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून हलेना. ती बाई कोणीही असो, ती आली होती. कुठून कुठून धीर गोळा करून आली होती, टेबलावर चढली होती. आणि आपलं भाषण ऐकून गेली ती परत आली नाही. अशा जखमा बहुतेक साध्याच असतात. बहुतेक. जी साधी नसते ती वाट बघत नाही, हे मॅडमइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि पलीकडे आई असेल तर आपण आईला दारातून हाकललं होतं, तेही दहा जणांसमोर.

रविवारी दुपारी त्या आईकडे निघाल्या. गाडी चालवताना त्यांना आईचे गुडघे आठवत राहिले.

आईचे गुडघे हा त्या घरातला कायमचा विषय. आई सहलीला येत नाही, का? गुडघे. नाटकाला बसत नाही, गुडघे. जेवायला सगळ्यांबरोबर बसत नाही, वाढते मी, तुम्ही बसा, गुडघे. मॅडमनी तिला तीन हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिघांनीही फोटो उजेडात धरून सांगितलं, गुडघे ठणठणीत आहेत. आई म्हणाली, यंत्राला काय कळतंय. मग मॅडमनी तेलं आणली, पट्टे आणले, गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या. मॅडम प्रोफेसर झाल्या तेव्हा मोठा समारंभ झाला, पहिल्या रांगेत आईची खुर्ची ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. गुडघे. मॅडम तेव्हा हसून सोडून दिल्यासारखं करत होत्या, पण त्यांना ते फार लागलं होतं. आई शेजारपाजारी ‘आमची मुलगी पोटाची डॉक्टर आहे’ असं सांगते, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पोटाची. म्हणजे आईला आपल्या कामाची लाज वाटते, असं त्यांनी कधीच मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

दार आईनेच उघडलं. आणि इथून पुढे तिला मॅडम म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण आईच्या दारात चपला काढल्या की ती नुसती बेबी. छप्पन्न वर्षांची, दाट पांढऱ्या केसांची बेबी.

“ये. हात धू. जावईबापू नाही आले?”

“पेपर तपासतोय.”

“बरं.”

आई ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. शेजारी स्टूल होतं. बेबीने त्या स्टुलाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई डाव्या पायावर भार देऊन उभी होती, मग उजव्या पायावर, मग परत डाव्या. हे उभं राहणं ती जन्मभर बघत आली होती, आणि असंच उभं राहणाऱ्या बायका दारातून आत येताना बघून ती विद्यार्थ्यांना सांगायची, तपासायच्या आधीच ओळखा. इतका राग तिला कोणाचाच आला नव्हता जितका त्या मिनिटाला स्वतःचा आला.

“गुडघे कसे आहेत?” ती म्हणाली.

“आहेत.”

“तुला फोनवर म्हटलं होतं त्या गुरुवारी परीक्षा नव्हती माझी. पुढे गेली.”

“हो का.”

“मी हॉस्पिटलातच होते.”

आईने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. “माहीत आहे मला,” ती म्हणाली.

बेबीला आता काय करावं कळेना. म्हणजे ही कबुली समजायची की नुसतं बोलणं? “कसं माहीत?”

“अगं, पडदा डोळ्यांपुढे होता. कानांत बोळे थोडेच घातले होते? एवढं मोठं भाषण दिलंस. तुझा आवाज मला कळायचा नाही?” आईने सुरी खाली ठेवली. “तुला नाही कळलं होय मी आहे ते? मला वाटलं तुला कळलं, म्हणूनच बोलतेयस.”

“आई, मी तुला नव्हतं गं...”

“मग कोणाला होतं?”

बरोबरच होतं. बेबी स्टुलावर बसली. तिच्या मनात सगळा गुंता झाला होता. माफी मागायची होती, पण कशाची आधी मागायची? भाषणाची, पडदा न उचलल्याची, की त्या आधीच्या सगळ्या वर्षांची? आणि या सगळ्यात ती जखम तशीच होती, तिचं तर पहिल्यांदा बोलायला हवं होतं.

“मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “परक्या पोरीकडे गेलीस. बस बदलून बदलून गेलीस. मी हेच करते गं आई, जन्मभर हेच करतेय. लांबलांबून बायका येतात माझ्याकडे. आणि तू...”

“ओरडू नकोस.”

“मी ओरडत नाहीये.”

“ओरडतेयस.” आई ओट्याला टेकली. “त्या तुझ्या छोट्या केसांच्या पोरीने मला बसवलं, पाणी दिलं. गुणाची आहे. मग तिने पहिला प्रश्न काय विचारला सांगू? ‘आजी, कितव्या बाळंतपणापासून आहे हे?’ आता मला एकच बाळंतपण. ते मी तिला सांगितलं, सांगून टाकलं, परकी होती म्हणून. तुला काय सांगणार होते?”

आईने सुरी परत उचलली.

“दीड दिवस कळा दिल्या मी. शेवटी चिमटा लावून काढलं तुला. नऊ पौंडांची होतीस. सगळं हॉस्पिटल बघायला आलं होतं. नर्स उचलून उचलून दाखवायच्या, आणि मी पडल्या पडल्या मिरवत होते, काय वाटायचं मला त्या दिवशी. उठून उभी राहिले तेव्हा कळलं, आत काहीतरी जागेवर राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरं मूल नको. मी कुणाला काही बोलले नाही. आधी थोडंच होतं, जड उचललं की. पुढे पुढे वाढत गेलं.” आई एकसुरात, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. “पोरीला कधी सांगायचं असतं का असलं? तुझ्यामुळे झालं, असं? कुठल्या वयाला सांगायचं?”

“माझ्यामुळे नाही गं झालं. चिमट्याने होतं ते, पुढे टाके नीट घेतले नाहीत की...” बेबी बोलता बोलता थांबली. ती वर्गात बोलतात तसं बोलत होती.

“बरं,” आई म्हणाली. “चिमट्याने.”

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

“एक विचारू?” आई म्हणाली. “तू हाच विषय का घेतलास गं?”

बेबीला हा प्रश्न मुलाखतींत शेकडो वेळा विचारला गेला होता. शिकत असताना एक बाई आली होती, तिने आत कापडाचा बोळा घालून वर्षं काढली होती, वगैरे वगैरे. सगळं खरंच होतं. पण आता ते सांगायला तिची जीभ वळेना.

“कारण तू जेव्हा येऊन सांगितलंस ना, ‘आई, मी बायकांचं हे करणार,’” आई म्हणाली, “तेव्हा मला वाटलं, हिला कळलेलं आहे. माझं बघूनच घेतलंय हिने. मी त्या रात्री फार रडले, आनंदाने. म्हटलं, आता एक दिवस ही आपणहून विचारेल. मला सांगावं लागणार नाही. मग मी वाट बघत राहिले. मोठी डॉक्टर झालीस, म्हटलं आता विचारेल. तो समारंभ होता, त्याच्या आधी तू आली होतीस, माझ्या शेजारी बसलीस, म्हणालीस, ‘आई, एक विचारायचं होतं.’ तू विचारलंस, कुठली साडी नेसू.”

बेबीने दोन्ही हात तोंडावर घेतले. तिला रडू येत होतं आणि आपल्याला रडायचा हक्क आहे की नाही हेही कळत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आईला आपली लाज वाटते. इतकी वर्षं आई वाट बघत होती. म्हणजे त्या घरात दोघी समोरासमोर बसून नक्की काय करत होत्या?

“आता रडत नको बसू,” आई म्हणाली. “येते मी. तो तुकडा काय काढायचा तो काढा, पुढचं ऑपरेशन सांगतील ते करू. गुरुवारी येते.”

“मी न्यायला येते.”

“ये. पण तू करायचं नाहीस हां ते. ती छोट्या केसांची करेल.”

“मला करताही येणार नाही, नियम आहे आमचा. आपल्या माणसाचं...”

“नियमाचं नाही सांगत मी. तुझा हात थरथरला तर पंचाईत. आणि नाही थरथरला तर मला वाईट वाटेल.”

आईने ओटा पुसला, फडकं पिळून नळावर टाकलं. मग जाऊन पलंगावर आडवी झाली, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, आणि पाठीमागे थोडी जागा सोडली. भरदुपारी लेकीसमोर आडवी झालेली आई बेबीने कधी पाहिली नव्हती. ती पलंगाच्या कडेला जाऊन बसली.

“बेबी.”

“काय?”

“नंतर फार दुखतं का गं?”

हा प्रश्न तिला हजारो बायकांनी विचारला होता. त्याचं उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं: दोन दिवस ओढल्यासारखं होतं, गोळी घेतली की थांबतं, आठवड्यात तुम्ही विसरून जाल. ती ते छातीठोकपणे सांगायची आणि बायका विश्वास ठेवायच्या. आता ते सगळं जिभेवर आलं आणि तिच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर आठवड्याने बायका काय विसरतात आणि काय नाही, हे तिने त्यांना कधी विचारलेलंच नव्हतं.

“मला माहीत नाही, आई,” ती म्हणाली.